मागचा डावा दिवा

ब्रेकचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. माझ्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमागे अकरा वर्षं बायको उभी राहिली. मी विचारायचो, "लागले का?" ती म्हणायची, "लागले हो दोन्ही. चला आता जेवायला!"

ती वारल्यानंतर आज पहिल्यांदाच गाडीला हात लावला. मागे बघायला कुणी नाही, म्हणून गाडी भिंतीला पाठ करून लावली आणि पेडल दाबून आरशात पाहिलं. भिंतीवर एकच लाल ठिपका! बल्ब बदलला, फ्यूज बदलला, तरी डावा दिवा ढिम्म. वैतागून होल्डर उघडला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. टोकाला चिकटपट्टी होती, गाडी घेतली त्या वर्षी 'नंतर जोडू' म्हणून मीच गुंडाळलेली.

म्हणजे हा दिवा अकरा वर्षांत एकदाही लागला नव्हता.

डोकंच सणकलं. वायर जोडली, पेडल दाबलं. भिंतीवर दोन ठिपके उजळले.

"खोटारडे!" मी रिकाम्या गॅरेजात ओरडलो. "आता लागलेत बघ दोन्ही. बोलव की जेवायला!"