दोन खिडक्यांमधला गिलावा

मी एक जुना गिलावा आहे. निदान या घटकेपर्यंत तरी आहे.

कारण मित्रांनो, समोर बांबूच्या परांचीवर गवंडी चढला आहे. त्याच्या एका हातात खडू आहे. दुसऱ्या हातात त्याने थापी उलटी धरली आहे आणि तिच्या लाकडी मुठीने तो मला वाजवणार आहे. आवाज भरीव आला तर मी राहणार. पोकळ आला तर छिन्नी.

खाली अंगणात सगळे माना वर करून उभे आहेत. मला बघायला आजवर इतकी माणसं कधी जमली नव्हती. खरं तर मला भीती वाटायला हवी, पण गुदगुल्याच होत आहेत.

टक्.

भरीव! मग ऐका. मी जिथे भरीव आहे, तिथलं मला सगळं आठवतं.

गिलावा म्हणजे भिंतीचा सदरा. विटांना ऊन लागू नये, पाणी लागू नये, म्हणून सिमेंट आणि वाळू कालवून तो बाहेरून चढवतात. मला चढवणारा गवंडी डावखुरा होता. त्यामुळे त्याच्या हाताच्या कमानी माझ्या अंगावर उलट्या वळल्या आहेत. आसपासच्या कुठल्याही भिंतीवर अशी नक्षी नाही. याचा मला थोडा गर्व आहे. म्हणजे बराच आहे.

टक्.

घर दुमजली. वर थोरला भाऊ आणि त्याची बायको, खाली धाकटा भाऊ आणि त्याची बायको. दोघींची स्वयंपाकघरं एकावर एक, दोघींच्या खिडक्या एकाखाली एक आणि त्या खिडक्यांच्या मधोमध मी. जिना मात्र घराच्या पार मागे. चिमूटभर मीठ हवं असलं तरी अख्ख्या घराला वळसा घालावा लागे.

म्हणून एका दुपारी दोघी जावांनी वरच्या खिडकीच्या बाजूला लोखंडी ब्रॅकेट बसवलं. ब्रॅकेटला कप्पी, कप्पीला दोरी, दोरीला टोपली. ड्रिल धाकटीने धरलं आणि धाकटीला थोरलीने.

"सोडलंत तर सरळ खाली जाईन, ताई."

"खाली तुझंच घर आहे. जाशील कुठे?"

दोन बोल्ट माझ्या अंगात शिरले. दुखलं, पण पुढे जी मजा आली तिच्यापुढे ते काहीच नव्हतं. टोपलीतून मीठ वर गेलं. सुईदोरा खाली आला. थर्मामीटर वर गेलं आणि ताप किती याचं उत्तर ओरडून खाली आलं. एकदा मांजरीचं पिल्लूसुद्धा आलं, तक्रारीसकट. थोरली दर महिन्याला कप्पीला तेल घालायची, बोल्ट आवळायची, कडेने बोट फिरवून बघायची. त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्या गिलाव्याची कुणी इतकी काळजी घेत असेल असं मला

डब.

अरे. इथे पोकळ आहे.

इथलं मला नीट सांगता येत नाही. भांडण झालं एवढं खरं. कात्रीवरून. थोरलीची कात्री खाली गेली होती. धाकटी म्हणाली, मी टोपलीत ठेवून परत पाठवली. थोरली म्हणाली, टोपली रिकामी आली. मग एक जण काहीतरी बोलली, दुसरी त्याहून लागेल असं बोलली आणि त्यानंतर टोपली

डब. डब.

गवंडी खडूने रेघ ओढतोय. खालच्या खिडकीच्या वर मी किती सुजलोय, ते सगळ्यांना दिसतंच आहे. आधी तिथे बशीएवढा डाग पडला. धाकटीने त्यावर ऑइलपेंट मारला. डाग गेला, आणि पाहुण्यासारखा सामान घेऊन परत आला. तिने पुन्हा मारला. मग मी फुगलो. मग तिने फुगलेल्यावर मारला. आतली भिंत ओली झाली, कपाटातल्या कपड्यांना वास येऊ लागला.

"वरच्या कुंड्यांचं पाणी आहे हे," धाकटी म्हणाली.

"खालच्या कुकरची वाफ आहे ती," थोरली म्हणाली.

या गोष्टी दोघी आपापल्या नवऱ्यांशी बोलल्या. एकमेकींशी बोलणं थांबलं होतं. बोलायचीच वेळ आली तर धाकटी 'ताई' म्हणत नसे, 'जाऊबाई' म्हणत असे. तो शब्द ती असा टाकायची, की माझ्यावरसुद्धा ओरखडा उठायचा.

आणि आता खालच्या पुढच्या खोलीत खोकी बांधून ठेवली आहेत. धाकट्याने दुसरीकडे घर बघितलंय. ओल कुठून येते हे आज सापडलं नाही, तर टेम्पो बोलवायचा असं ठरलंय. आणि मित्रांनो, तेव्हापासून थोरली रात्रंदिवस वरच्या खिडकीशी उभी असते आणि तिचा हात माझ्या वरच्या कडेवर असतो. हे फक्त मला माहीत आहे.

टक्. टक्. डब.

"मी पुढे न वाजवताच सांगतो," गवंडी म्हणाला, "कुंड्याच आहेत. नसल्या तर मिशी काढीन."

"काढाच," थोरली वरून म्हणाली. "तशीही शोभत नाही."

अंगणात हशा पिकला. धाकटी हसली नाही. म्हणजे हसली, पण तोंड फिरवून.

डब. डब. टक्.

आता ऐका, आता खरी गंमत आहे! गवंडी खालून वर सरकतोय. पोकळ लागेल तिथे खडू टेकवतोय. कुंड्या वरच्या खिडकीच्या मधोमध आहेत. पाणी त्यांचं असेल तर रेघांनी तिकडे वळायला हवं.

टक्.

कुंड्यांखाली भरीव!

"पुन्हा वाजवा," धाकटी म्हणाली.

टक्.

"अजून एकदा."

"बाई, दगडासारखा आहे तो. मी काय करू?" गवंड्याचा एक हात मिशीकडे गेला.

डब, डब, डब. पोकळ वाट उजवीकडे वळली. निमुळती होत गेली. खाली सुपाएवढी, मध्ये ताटाएवढी, वर तळहाताएवढी. अंगणातून ती उलट्या टांगलेल्या गाजरासारखी दिसू लागली, जाड बूड खाली, टोक वर. सगळे टोकाकडे बघू लागले. टोकाला दोन भोकं होती. उघडी. काळी.

डब.

आठवलं. सगळं आठवलं! भांडणाच्या संध्याकाळी थोरलीने पाना आणला आणि ब्रॅकेट उपटलं. टोपली नको, दोरी नको, काही नको. भोकं तशीच राहिली. मग जो जो पाऊस तिरपा आला, तो तो त्या भोकांतून माझ्या पाठीमागे शिरला आणि खाली उतरत गेला.

"ही भोकं कसली?" थोरल्याने विचारलं. नवऱ्यांना अशा गोष्टी सगळ्यात शेवटी कळतात.

"माझी," थोरली म्हणाली. अगदी हळू.

गवंड्याने खाली येऊन फुगवट्याला छिन्नीचं टोक लावलं. पचकन् पाणी आलं. मागोमाग रंगाचे पापुद्रे सुटले, पिवळा, त्याखाली बदामी, त्याखाली पुन्हा पिवळा.

"पाणी आलं वरून, ते खरं," गवंडी म्हणाला. "पण बाहेर पडायला वाट नको? मी श्वास घ्यायचा कसा, असं भिंत विचारणार नाही का? हे थरांवर थर कुणी मारले?"

"मी," धाकटी म्हणाली. तीसुद्धा हळूच.

छिन्नी लागली. मित्रांनो, इथून पुढे थोडा वेळ मी



(इथे गिलावा नाही. इथे आम्ही विटा आहोत. आम्हाला बोलायची सवय नाही. वारा छान आहे. गवंडी म्हणाला, भिंत हाडापर्यंत वाळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, घाई केली तर पुन्हा फुगेल. मिशीशिवाय तो ओळखू येत नाही. खालची खोकी अजून बांधलेलीच आहेत. एवढंच.)



मी नवीन आहे! नमस्कार. हे ऊन का? आणि हा माझ्या कडेला कोण आहे?

मी आहे. जुना. ओरडू नकोस, चिरशील.

तर मित्रांनो, आता मी असा आहे. भोवती म्हातारा, मधे तान्हा. गवंड्याने माझी कड सरळ कापली, ती ओली केली, सिमेंटची खीर फासली. आधी एक थर चढवला, पकड यावी म्हणून त्यावर ओरखडे काढले आणि मग दुसरा थर. उलट्या कमानींसाठी त्याने डाव्या हाताने प्रयत्न केला. जमल्या नाहीत. थोड्या वाकड्याच आल्या. मला आवडल्या.

"आता सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं," त्याने बजावलं.

"पाण्यानेच तर वाट लागली ना?" धाकटी म्हणाली.

"ते चोरून आलेलं पाणी. हे बोलावलेलं."

पण अडचण अशी, की खालच्या नळाच्या पाइपची धार माझ्या पोटापर्यंतच पोचायची. वरचा भाग वरच्याच खिडकीतून भिजवायला हवा. एकटीने होण्यातलं काम नव्हतंच ते. सुरुवातीला दोघींनी मुक्यानेच पाणी मारलं. मग एका सकाळी वरून आवाज आला.

"पोचतंय का?"

"डावीकडे कोरडं आहे, जाऊबाई."

"कुणाच्या डावीकडे?"

"तुमच्या."

"माझ्या डावीकडे ओलं आहे."

"मग माझ्या."

"आपल्या दोघींची डावी बाजू एकच आहे गं. आपण एकाच भिंतीकडे बघतोय."

"तुम्ही वरून वाकून बघताय, तुम्हाला सगळंच उलटं दि... अहो थांबा ताई, माझ्या डोक्यावर ओताल!"

वरचा पाण्याचा मग हवेत तसाच राहिला. धाकटीने केस पुसले. आपण काय बोलून गेलो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. मी तान्हा होतो, पण मलासुद्धा कळलं. जुना तर शहारला.

मी पुरता घट्ट झालो, तेव्हा थोरलीने कपाटाच्या वरून एक गाठोडं काढलं. त्यात ब्रॅकेट होतं, तेल लावून गुंडाळलेलं.

"टाकून दिलं नव्हतंत?" धाकटीने खालून विचारलं.

"लोखंड आहे. टाकतात का?"

गवंड्याने ते बसवलं. पाणी आत ओघळू नये म्हणून या वेळी भोकं बाहेरच्या बाजूला किंचित उतरती पाडली, बोल्टना रबर घातलं आणि कडेने नीट भरून घेतलं. मग कप्पी करकरली आणि टोपली निघाली. माझ्यावरून, जुन्यावरून, नव्यावरून, हळूहळू खाली. खिडकीशी आली. धाकटीने आत हात घातला.

कात्री होती. तीच.

"कुठे सापडली?"

"माझ्याच शिवणाच्या डब्यात. तळाशी."

"कधी?"

दोरी तेवढी हलली.

"खोक्यांच्या दोऱ्या कापायला पाठवलीय," थोरली शेवटी म्हणाली. "झालं की परत पाठव. विसरशील."

धाकटी आत गेली आणि मला, मित्रांनो, भिंतीपलीकडून आवाज ऐकू आला. खोक्याची दोरी कापल्याचा. मग आणखी एक. मग आणखी.

तुमच्याही घराला असाच एखादा सदरा असेल. त्यावर डाग दिसला तर लगेच रंगाचा डबा आणू नका. आधी बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर त्याच्या मागे मागे वर जा, कारण डाग जिथे दिसतो तिथे भोक नसतं. भोक सापडलं, की ते कुणी पाडलं हे विचारायच्या आधी बुजवा. आणि वाळायला वेळ द्या.

आता मला वाजवून बघा हवं तर.

टक्.