आईचं कोपर

अंगठी हलायच्या आधी दादाच्या अंगठ्याचं नख पांढरं पडायचं. दोऱ्याचं टोक आईच्या चिमटीत, खाली लटकणारी तिचीच अंगठी, आणि आईचं कोपर दादाच्या हातात. समोर कागदावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा, एक 'हो'ची, दुसरी 'नाही'ची. नख पांढरं पडलं, की अंगठी निघाली. हे मी पहिल्याच बैठकीत टिपलं होतं. टिपून काय केलं? डोळे पुसले. कारण अंगठीने नुकतंच सांगितलं होतं, आई मला ओळखते.

वजनकाटे तपासणं हा माझा व्यवसाय. दुकानदाराचा अंगठा पारड्याला टेकला, तर मला दारातूनच दिसतो.

आज सगळी इमारत आमच्या बैठकीच्या खोलीत कोंबली होती. स्मृतिभ्रंशाने मुकी झालेली आई बोलते म्हणजे काय! या बैठका घेणारे, मनाच्या लहरी पकडणारे लहरीगुरुजी खुर्चीत रेलून होते. "डॉक्टर मेंदू तपासतात, आम्ही थेट मालकाशी बोलतो! रेडिओ बिघडला म्हणून गाणारी मरते का? आणि मी बोटसुद्धा लावत नाही. हात रक्ताचाच हवा!"

मागच्या बैठकीत अंगठीने आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. त्यानंतर ती चक्कर येऊन पडली. कपाळावर टेंगूळ होतं. आजचा प्रश्न होता, आईला गुरुजींच्या केंद्रावर कायमचं पाठवायचं का? दादा मोठा, म्हणून सगळीकडे सही त्याची. दुष्ट नाही तो. काही ठरवायचं म्हटलं की तो दुसऱ्या कुणाचा तरी शब्द शोधतो. आईच्या डॉक्टरीणबाई मला कधीच्या सांगत होत्या, "कोर्टात अर्ज करा, आईंची जबाबदारी तुम्ही घ्या." मी म्हणायचे, "अजून थोडा पुरावा जमू दे." दादाला अंगठी, मला पुरावा. टाळायचं दोघांनाही एकच होतं.

"थांब दादा. आज कोपर मी धरते."

"धरा की, मुलगीही रक्ताचीच!" गुरुजी उदार झाले.

"आई, गोळ्या परत सुरू करायच्या?"

अंगठी झोकात 'हो'वर झुलू लागली. माझ्या अंगावर काटा आला. शपथेवर सांगते, मी हात हलवला नव्हता. मग नजर माझ्याच नखावर गेली. पांढरंफटक.

मी शेजारच्या नर्सबाईंकडून डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. "आता कागद फिरवा किंवा फिरवू नका. मला सांगू मात्र नका."

"आई, मी तुझी मुलगी ना?"

खोलीत खसखस पिकली. रुमाल काढला. कागद काटकोनात फिरला होता. अंगठी जुन्याच वाटेने चालली होती आणि ती वाट आता 'नाही'ची होती.

"घ्या! ताई परक्या झाल्या!" नर्सबाई म्हणाल्या.

"शंका घेतली की लहरी तुटतात," गुरुजी कडाडले.

"तुटल्या असत्या तर अंगठी थांबली असती. ही तर छान चाललीय, फक्त चुकीच्या रेषेवर."

दादाने रुमाल घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि कोपर धरलं. नर्सबाईंनी कागद पुन्हा फिरवला. "आई, मी तुझा मुलगा ना?" त्याचीही तीच गत.

"आता सोड तिचा हात," मी म्हटलं.

अंगठी डुलली, मंदावली, थांबली. आईने दोऱ्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते तिने. दोरा बोटाला गुंडाळला आणि दातांनी तटकन तोडला. अंगठी फरशीवर घरंगळली.

"दादा, तू लबाडी केली नाहीस, मीही नाही. मनात उत्तर असलं की हात आपल्या नकळत ढकलतो, आणि दोऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून तर गुरुजी बोट लावत नाहीत. आईचे डोळे सगळा वेळ उघडे होते. उत्तर तिचं असतं, तर कागद फिरल्यावर अंगठीही फिरली असती. चमत्कार बघायला जरूर जावं. पण ज्याच्या हातात कोपर आहे, त्याचे डोळे एकदा बांधून बघावेत."

गुरुजी चपला शोधायला लागले होते.

दादाने अंगठी उचलली. "मग आता आईचं ठरवायचं कुणी?"

सवयीने माझ्या ओठांवर आलं, अजून थोडा पुरावा... आईच्या कपाळावरचं टेंगूळ पुरेसं जांभळं होतं.

"मी," मी म्हटलं. "आई केंद्रावर जाणार नाही. डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन करून गोळ्या सुरू करतेय. आणि उद्या कोर्टात अर्ज देतेय. आईचे निर्णय यापुढे तू घ्यायचे नाहीस, दादा."