दोन मुठींचा रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे, आणि थोडा तिरसटही. साध्या रंध्याला एक माणूस पुरतो, मला दोन लागतात. मागची मूठ धरून एकाने ढकलायचे, पुढची धरून दुसऱ्याने ओढायचे. टणक, वाकड्या रेषांचे लाकूड एरवी गुळगुळीत होत नाही.

माझ्या सुतार मालकाच्या वडिलांनी मला घडवले. त्यांच्यामागे मागची मूठ मालकाकडे आली आणि पुढची त्याच्या धाकट्या भावाकडे. दोघांची लय अशी जुळली होती की गिऱ्हाइके आम्हालाच बघत उभी राहत. मी फुशारून जाई, खोटे कशाला बोलू?

आमच्या कारखान्यात एक नियम होता. यंत्राची करवत सुरू करण्याआधी "चालू करतोय" अशी हाक द्यायची आणि समोरून "कर" असे आले की मगच बटण दाबायचे. एका दुपारी मालक पात्याजवळ अडकलेला तुकडा काढत होता. धाकट्याला घाई होती. त्याने हाक न देताच बटण दाबले. मालकाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

बोटांचे दुःख मालकाने गिळले असते. पण दवाखान्यात धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी हाक दिली होती. दादाचंच लक्ष नव्हतं." ते खोटे मालकाच्या जिव्हारी लागले. त्याने धाकट्याचे येणे बंद केले. मी मांडणीवर पडलो आणि गंजू लागलो.

मालक रोज कामाआधी प्रभूची प्रार्थना म्हणतो. जिथे आपल्या अपराधांची क्षमा मागायची आणि आपणही इतरांना क्षमा केली असे म्हणायचे, ती ओळ तो गाळू लागला. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मागच्या बाकावरून उठेनासा झाला. अशी तीन वर्षे गेली.

मग चर्चच्या पाळकांनी त्याला प्रभुभोजनाचे नवे मेज करायला सांगितले. वरची फळी इतकी टणक निघाली की यंत्राने तिचे टवके उडाले. मालकाने मला उतरवले, पाते घासले आणि तीन बोटांच्या हाताने एकटाच ढकलू लागला. मी अडखळलो. फळीला चरा पडला.

"भाऊजींना बोलवा," मालकीणबाई म्हणाल्या.

"आधी त्याला कबूल करू दे."

"आपल्यासाठी क्रुसावर जाताना प्रभूनं काय आपल्या कबुलीची वाट बघितली होती?"

मालक चऱ्यावरून बोट फिरवत बसला. मग उठून भावाच्या घरी गेला.

दोघे आले ते एकमेकांकडे न बघता. "पुढची मूठ धर," मालक एवढेच म्हणाला. लय काही जुळेना. दोनदा मी घसरलो. मग अचानक धाकट्याचे हात थांबले.

"दादा, त्या दिवशी मी हाक दिली नव्हती."

"ठाऊक आहे मला. ओढ."

आता सगळे निवळले असे मी म्हणणार नाही. परवा दुखऱ्या हातातून हातोडी निसटली तेव्हा मालकाने धाकट्याकडे असे पाहिले की मला पुन्हा मांडणी दिसू लागली. पण दुसऱ्या सकाळी प्रार्थनेत त्या ओळीपाशी तो थांबला आणि मग त्याने ती म्हटली.

माझे पाते एकदा घासून भागत नाही, रोज घासावे लागते. क्षमेचेही तसेच असावे. मित्रांनो, मला मांडणीवरून उतरवायला मालकाला तीन वर्षे लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.