वाटणीतला विस्तव

देव पाऊस पाडतो तेव्हा बांध बघून पाडत नाही. पण माणसाच्या हाती वाटणी आली की तो पाण्यालासुद्धा कुंपण घालायला निघतो.

या दोघा भावांच्या वाटणीत तर त्याहून मोठा प्रताप झाला होता. बाप गेल्यावर थोरली बहीण वाटणीला बसली. तिला सगळे आक्का म्हणत. बाई न्यायाला इतकी पक्की, की कांदा चिरला तरी दोन्ही फोडी हातात तोलून बघायची. घर निम्मं झालं, शेत निम्मं झालं, विहिरीचं पाणी दिवसाआड ठरलं. राहता राहिला बापाचा ट्रॅक्टर. आक्काने तोही निम्मा केला. इंजिन, चाकं आणि बैठक थोरल्याला. ट्रॅक्टरच्या कुशीला बसवलेली गॅसची भट्टी, गाळणीचं पिंप आणि नळ्या धाकट्याला.

"अगं, भट्टीवाचून तो चालायचा कसा?" असं कुणीतरी विचारायला हवं होतं. थोरल्याला वाटलं, धाकटा विचारेल. धाकट्याला वाटलं, दादा बोलेल. दोघांनी माना डोलावल्या, हात जोडले, उठले. त्या दिवसापासून एकाच्या शेडमध्ये विस्तवावाचून ट्रॅक्टर आणि दुसऱ्याच्या अंगणात ट्रॅक्टरवाचून विस्तव.

तो ट्रॅक्टर मुळात तेलावरचा. लढाईच्या टंचाईत तेल मिळेनासं झालं, तेव्हा बापाने त्याला लाकडावर आणला. बाप अर्धा शेतकरी, अर्धा सुतार. लाकडाला तोटा नव्हता. भट्टीत लाकडाचे बोटभर ठोकळे भरायचे, खालून पेटवायचे, हाताच्या पंख्याने ओढ द्यायची. लाकूड आत धुमसतं, त्याचा गॅस होतो, गाळून थंड होऊन इंजिनात जातो. पुढे तेल मुबलक झालं, गावभर नवे ट्रॅक्टर आले, तरी बापाने आपला नेम सोडला नाही. "तेल विकत आणावं लागतं, लाकूड देव देतो," म्हणायचा. गॅसवर जोर थोडा कमी, पण आवाज कसा, संथ आणि खोल. नांगरट चालू असली की सगळ्या शिवारात भाजलेल्या लाकडाचा गोडसर वास भरून राहायचा. थोरल्याला अजूनही कुठे ओलं लाकूड धुमसताना वास आला की मान आपोआप वळायची.

आता थोरला निघाला होता लेकीकडे, शहरात. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, शेत विकून झालं होतं, शेड नव्या मालकाला रिकामी करून द्यायची होती. सोमवारी भंगारवाला येणार होता. लोखंड जाणार याचं थोरल्याला तितकं वाईट वाटत नव्हतं. ते मुकं जाणार, हे मात्र सोसवत नव्हतं. एकदा, फक्त एकदा तो आवाज कानांवर पडावा, मग खुशाल न्यावं.

"मग जा ना भावाकडे," बायको सामान बांधता बांधता म्हणाली.

"मी का जाऊ? थोरला मी आहे."

"थोरले आहात म्हणूनच सांगते. तो बिचारा अजून किती वर्षं धाकटा राहणार? गुडघे त्याचेही गेलेत."

थोरल्याने चपला घातल्या.

तसे भाऊ एकमेकांशी बोलत. लग्नकार्यात शेजारी बसत, दुखलंखुपलं विचारत. फक्त ट्रॅक्टरचा विषय निघाला की दोघांनाही घरी काहीतरी काम आठवायचं.

धाकट्याच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला टेकून भट्टी उभी होती. तिच्यावर पाण्याचा हंडा. बापाची भट्टी आंघोळीचं पाणी तापवत होती.

"ये दादा, बस. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. भट्टी हवी होती. एकदा चालवून बघावं म्हणतो."

धाकट्याने भट्टीवरचा हंडा सरळ केला. मग मान ताठ करून म्हणाला, "भट्टी इथून हलायची नाही. ट्रॅक्टर इकडे आण."

"अरे, भट्टीवाचून तो येईल कसा?"

"मग भट्टी काय पायांनी चालत येणार आहे?"

स्वयंपाकघरातून धाकट्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. "चालू द्या तुमचं! आक्का देवाघरी बसून मोजतेय, कुणाचा हट्ट गुंजभर जास्त भरतो ते."

थोरला उठला. फाटकापर्यंत गेला. तिथे उभा राहून त्याने मनाशी एकदा देवाचं नाव घेतलं आणि मागे न वळताच म्हणाला, "उद्या सकाळी आणतो."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून बापाचा ट्रॅक्टर निघाला. थोरला स्टिअरिंगचं चक्र धरून वर बसला होता. लोक दारादारांतून बघत होते.

"काय दादा, म्हातारा रुसला वाटतं?" न्हाव्याने दुकानातून हाळी दिली.

"रुसला कसला! माहेरी चाललाय!" थोरला बोलून गेला.

धाकट्याने भट्टी घासूनपुसून ठेवली होती. अडचण निघाली पिंपाची. गाळणीच्या पिंपात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"तिला उठवायचं नाही हं," धाकट्याची बायको कमरेला पदर खोचून आडवी आली.

"अगं बाई, आम्ही इतकी वर्षं थांबलो—" थोरला म्हणाला.

"मग तुम्ही थांबा की अजून! ती नाही थांबायची."

शेवटी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत गेली. जाता जाता तिने धाकट्याच्या मनगटावर चोच मारली, तेव्हा कुठे काम सुरू झालं. पिंपात नवा काथ्या भरला, नळ्या जोडल्या, ठोकळे ओतले, खालून पेटती चिंधी सरकवली. धाकटा पंखा फिरवायला बसला तो गांधीलमाश्या हाकलल्यासारखा. भसाभस पांढरा धूर निघाला. थोरल्याने वरच्या नळीशी काडी धरली, विझली. दुसरी धरली, विझली. दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"आत पेटलंय तरी का?" म्हणत थोरल्याने झाकण उचललं, आणि भक्कन जाळ वर आला. तो मागे सरकला, पण डावी भुवई गेली ती गेलीच.

धाकटा आधी घाबरला. मग त्याने निरखून बघितलं आणि जमिनीवर बसकण मारून हसू लागला. "बाबा! अगदी बाबा दिसतोस! त्यांची एक भुवई कधी जागेवर होती?"

थोरल्याने चाचपून बघितलं. त्यालाही हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, आणि खोकल्यातून तो म्हणाला, "आपण घाई करतोय रे. बाबा असं करत नव्हते."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

दोघांनाही ठाऊक होतं. बापाच्या मनगटावर कधी घड्याळ नव्हतं. भट्टी पेटवली की तो देवाला जागं करण्याचं पद म्हणायचा. पदाच्या लयीत पंखा फिरायचा. कमी नाही, जास्त नाही. चौथं कडवं आलं की गॅस पिकलाच समजा. "पद देवाला, वारा भट्टीला, एका दमात दोन चाकऱ्या," असं म्हणायचा. पण इतक्या वर्षांनी एकमेकांसमोर गळा उघडायचा म्हणजे जिवावर आलं होतं. माणूस भावासमोर भांडेल, रडेलही एखादवेळी. गायला मात्र लाजतो.

थोरल्याने घसा खाकरला. आवाज फुटला, तुटला, पुन्हा लागला. पहिलं कडवं नुसतंच खरखरलं. दुसऱ्याला धाकट्याचा हात लयीत आला. तिसऱ्याला तो पंखा फिरवत ध्रुवपद ओढू लागला. धूर विरळ झाला, पांढऱ्याचा निळसर झाला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. चौथ्या कडव्याशी थोरल्याने काडी धरली. नळीच्या तोंडाशी आधी तांबूस आणि मग शांत निळी ज्योत उभी राहिली.

"हँडल मी मारतो," धाकटा उठला.

"अंगठा बाहेर ठेव! उलटलं तर मनगट मोडेल."

"अंगठा बाहेर, अंगठा बाहेर! लहानपणापासून ऐकतोय."

दोनदा इंजिनाने नुसता सुस्कारा टाकला. तिसऱ्यांदा ते खाकरलं, थरथरलं, आणि त्या खोल, संथ आवाजाने अंगण भरून गेलं. थोरल्याने चक्रावर कपाळ टेकलं. तो रडतोय की देवाचे आभार मानतोय, हे धाकट्याने बघितलं नाही. तो काथ्याचे धागे झटकत दुसरीकडे वळला होता. मग तोही मागच्या चाकावरच्या चिखलपत्र्यावर चढून बसला. मागच्या पडीक तुकड्यात दोघांनी एक फेरी मारली, मग आणखी एक. गोडसर वास मागे रेंगाळत राहिला.

परत येताना थोरला ओरडून म्हणाला, "सोमवारी भंगारवाला येतोय!"

"काय?"

"भंगारवाला! सोमवारी!"

"इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही!" धाकटा म्हणाला आणि खाली उतरला.

तो तडक आपल्या शेडकडे गेला. आधी त्याने स्कूटर बाहेर ओढली. मग पोती. मग मोडकी खाट, फवारणीचे पंप, बायकोने जपून ठेवलेली रिकामी डबडी.

"अहो, हे सगळं उन्हात का टाकताय?" ती दारातून म्हणाली.

"जागा करतोय."

तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. "आणि पाणी?"

"चुलीवर."

थोरल्याने दाराबाहेरच गॅस बंद केला. धुमसती भट्टी छपराखाली न्यायची नाही ही बापाची शिस्त. विस्तव पुरता निवेपर्यंत तिघं अंगणात बसून चहा प्यायली. सोमवारचा विषय कुणी काढला नाही. मग धाकट्याने मागच्या चाकाला खांदा लावला, त्याच्या बायकोने दुसऱ्याला.

"दादा, चक्र सरळ धर."

"सरळच आहे."

"डावीकडे जातंय. भिंत पाडशील माझी."

"ढकल तू. मी बघतो."

ट्रॅक्टर इंचाइंचाने आत सरकू लागला.