हड्डीजोड बाबा आणि रेशमाचा पाय

घोडी चार पायांवर चालली, आणि दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागेवर प्रथमच भांडणाऐवजी जयजयकार झाला.

"हड्डीजोड बाबा की..."

"जय!"

जय म्हणणाऱ्यांत दोन निवृत्त सहसचिव होते, एक चार्टर्ड अकाउंटंट होते आणि पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या बाई होत्या. बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

घोडीचं नाव रेशमा. पांढरीशुभ्र, वरातीची. तिचा मालक सतबीर याच्याकडे एवढी एकच घोडी; ती उभी तर त्याचं घर उभं. महिन्यापूर्वी एका वरातीत तिचा पुढचा उजवा पाय उघड्या गटारात गेला आणि गुडघ्याखालच्या हाडाला चीर पडली. आमच्या सोसायटीत राहणारी केतकी घोड्यांची डॉक्टर आहे. तिनं एक्स-रे काढला, पायाला कापसाचे जाड थर दिले, वर पट्ट्या आवळल्या, उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप आधाराला बांधला आणि घोडीला सोसायटीच्याच पार्किंग शेडमध्ये ठेवून बजावलं, "हलवायची नाही."

इथे त्या दोन सहसचिवांपैकी एकांची, गुणवंतरावांची, पंचाईत झाली. त्यांचा मुलगा सुधन्वा गुरुग्रामच्या पंजाबी मुलीशी लग्न करत होता, आणि तिकडच्या आजीचा हट्ट होता की नवरदेव पांढऱ्या घोडीवरूनच येणार. गुणवंतरावांच्या घराण्यात याआधी कोणी घोड्यावर बसलं असेल तर ते माथेरानला. पण व्याह्यांपुढे कमी पडायचं नव्हतं. त्यात मुहूर्त असा, की त्या दिवशी निम्मी दिल्ली बोहल्यावर. पांढरी घोडी कुठेच शिल्लक नव्हती. शिल्लक होती ती रेशमा.

मग आर. के. पुरमच्या एका जुन्या सहकाऱ्यानं बाबांचा नंबर दिला. सरकारी माणूस मंत्र्यावर शंका घेईल, देवावर घेईल. पण आपल्याच बॅचच्या माणसाची शिफारस आली की डोळे मिटून पुढे पाठवतो.

बाबा पांढऱ्या मोठ्या गाडीतून आले. उतरताना ते स्वतः किंचित लंगडत होते, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"हड्डी टूटती नहीं, रूठती है," बाबा म्हणाले. "डॉक्टर बाँधता है, मैं मनाता हूँ." मग पाइपकडे बोट केलं. "ये नल का सामान हटाओ. घोड़ी है, बाथरूम नहीं!"

लोक खळखळून हसले. सतबीर कुरकुरला, "डॉक्टर मॅडम ने मना किया था, साहब."

"अरे, मैं हूँ ना," गुणवंतराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत असंख्य फायलींना ऐकवलं होतं.

पाइप गेला, पट्ट्या गेल्या. बाबांनी पायाभोवती शाल धरली, कारण हाड जुळताना देवाला म्हणे लाज वाटते. शालीआड भगवी पट्टी गुंडाळली. थोड्या वेळानं त्यांनी रेशमाच्या कानात फुंकर मारली. इतका वेळ उचलून धरलेला पाय तिनं टेकवला आणि ती चालू लागली.

"बिल्कुल दुखत नाहीये यार तिला!" सुधन्वा ओरडला.

तेवढ्यात केतकी ड्यूटीवरून आली. स्कूटर तशीच टाकून तिनं धावत जाऊन घोडीचा लगाम धरला.

"पट्ट्या कोणी सोडल्या? आता एक पाऊलही नाही!"

"अगं केतकी, डोळ्यांनी बघ ना," गुणवंतराव म्हणाले. "चालली!"

"चालली म्हणूनच धावत आले, काका."

बाबा हसले. "बेटी, पढ़ाई बहुत, श्रद्धा कम."

केतकीनं पर्समधून पेन काढलं. रेशमाच्या डोळ्यावर हात धरला आणि पेनचं बोथट टोक डाव्या पायाच्या टाचेशी दाबलं. रेशमानं झटकन पाय उचलला. मग भगव्या पट्टीखाली उजव्या टाचेशी दाबलं. काही नाही. आणखी जोरात दाबलं. घोडी शेपटीनं माश्या वारत उभी.

"हाड जुळलं की पायाची जाणीव जाते का हो?"

"ध्यान लागलं असेल," अकाउंटंट म्हणाले.

"एकाच पायाला?"

केतकी गुणवंतरावांकडे वळली.

"काका, मागे तुमची दाढ काढली. डेंटिस्टनं सुई दिल्यावर दुखायचं थांबलं ना?"

"थांबलं तर! जीभ चावली तेही कळलं नाही."

"म्हणजे दाढ बरी झाली होती. मग उपटली कशाला?"

गुणवंतरावांचा हात गालाकडे गेला.

त्यांच्या पत्नी हेमलताताईंना चुरगळलेलं कापड बघवत नाही. त्यांनी जमिनीवर पडलेली बाबांची शाल घडी घालायला उचलून झटकली, आणि तिच्यातून एक सिरिंज आणि रिकामी बाटली बाहेर पडली.

"गंगाजल है," बाबा म्हणाले.

हेमलताताईंनी चष्मा लावून बाटली वाचली. "गंगाजल पे एक्सपायरी डेट?"

केतकीनं सतबीरला नीट समजावलं. सुईनं पाय बधिर केला होता. चीर जिथे होती तिथेच होती. घोडीला कळत नव्हती इतकंच. दुखतं म्हणून जनावर पायावर भार टाकत नाही, आणि म्हणून हाड वाचतं. त्या चिरलेल्या हाडावर नवरदेवाचा भार पडला असता तर हाडाचे दोन तुकडे झाले असते. घोड्याचं हाड तसं तुटलं की बहुतेक वेळा घोड्यालाच शांत मरण द्यावं लागतं.

सतबीर खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं रेशमाचा पाय धरून ठेवला. "बाबाजी, मेरे पास तो एक ही है."

"गिर जाती, तो उसका भाग्य," बाबा म्हणाले आणि गाडीकडे निघाले. लंगडणं आता नव्हतं. पण त्यांच्या गाडीमागे नेहमीप्रमाणे कोणीतरी आडवी कार लावली होती, आणि नेहमीप्रमाणे मालक सापडत नव्हता. केतकीनं पोलिसांना फोन केला; ते येईपर्यंत बाबा गाडीत काच वर करून बसले.

केतकीनं पुन्हा कापूस, पट्टी, पाइप बांधलं. पाइप धरायला सुधन्वा होता. सुईचा अंमल उतरू लागला तशी रेशमानं पाय उचलून धरला. तो पाय तसा बघून सुधन्वा उठला.

"आई, लग्नाला मी मेट्रोनं जाणार. तिकडच्या आजींना मी सांगतो."

"सांग," हेमलताताई म्हणाल्या, आणि गुणवंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा शेरा न मारता मान डोलावली.

रेशमाचं हाड जुळायला अख्खा हिवाळा गेला. पट्टी बदलायची, पाय बघायचा, पुन्हा बांधायची. या कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणी काढला नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

खरं बरं होणं असंच कंटाळवाणं असतं. तुमच्या घरी कोणाचं दुखणं क्षणात गायब झालं, तर जय म्हणण्याआधी एवढंच विचारा: आजार गेला, की फक्त त्याची जाणीव गेली? आणि उत्तर देणारा शाल आडवी धरू लागला, तर आधी शाल बाजूला करा.