आधी सोडा

दूधप्रकल्पात तिला सगळे भिंगरीच म्हणत. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ! त्या सकाळी मात्र तिच्या पायांना तसंच कारण होतं. ज्या मोठ्या गाळणीतून तासाला वीस हजार लिटर दूध जायचं, तिच्यातून जेमतेम नऊ हजार जात होतं. आणि दुपारी तीन टँकर फाटकात येऊन उभे राहणार होते.

घाईघाईत तिनं गाळणीतून आम्ल फिरवलं. अर्ध्या तासानं प्रवाहाचा काटा पाहिला, तर सात हजार!

विचारायचं कुणाला? थोरल्या बहिणीला. हे काम ताईनंच तिला शिकवलं होतं. पण विभाग ताईला डावलून धाकटीच्या हाती गेला, तेव्हा ताईनं नोकरीच सोडली. आठ महिने अबोला. भिंगरीनं तीनदा नंबर काढला, तीनदा फोन खिशात टाकला. चौथ्यांदा लावला.

"बोल," ताई म्हणाली.

हिनं एका दमात सगळं सांगितलं.

"आधी आम्ल? अगं, लिंबू पिळल्यावर दुधाचं काय होतं? आत साचलेला दुधाचा थर आणखी चिकटला. आता साध्या पाण्यानं धू, आम्लाचा थेंब राहता कामा नये. मग कोमट कॉस्टिक सोडा फिरव आणि दीड तास भिजू दे."

"दीड तास? अगं, टँकर..."

"दीड तास. मध्येच झडप उघडून बघायची नाही. ओळखते मी तुला."

तो दीड तास तिला खायला उठला. टाकीभोवती किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. साहेब दोनदा डोकावून गेले, तिसऱ्यांदा तडकले, "चूक कुणाची?"

"माझी. क्रम उलटा केला. ताईला विचारून निस्तरतेय."

साहेब टँकरवाल्यांना थोपवायला फाटकाकडे गेले.

झडप उघडल्यावर पिवळट, बुळबुळीत फेस भसाभस बाहेर आला. पाणी, थोडं आम्ल, पुन्हा पाणी. काटा अकरावर, चौदावर चढला आणि सतरावर थांबला. टँकर पाऊण तास खोळंबले, पण दूध वाचलं.

"सतरावर अडलंय," तिनं ताईला कळवलं.

"उद्या पुन्हा सोडा घाल."

"ताई, ती जागा तुझी होती."

"होतीच. हे तू तेव्हा साहेबांना सांगायचं होतंस."

फोन कानाला धरून भिंगरी पुन्हा टाकीभोवती फिरू लागली.

"हातमोजे घातले होतेस ना?" ताईनं विचारलं.