स्वतःचीच नक्कल

प्रबंधात चोरी दहा टक्क्यांपर्यंत चालते. स्वरूपाच्या पीएच.डी.च्या प्रबंधात साम्य तपासणाऱ्या मशीनला ती एकतीस टक्के सापडली. 'दिलेलं वचन का पाळावं' या एका प्रश्नावर तिनं सहा वर्षं घासली होती. इंदापूरच्या कॉलेजात तासिकेवर तत्त्वज्ञान शिकवत आणि सुट्टीला गावी, कन्हेरीत, घरच्या रानात भेंडी तोडत. आता महिन्याभरात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सगळं मातीत.

तिनं मशीनचा अहवाल उघडला. अख्खं चौथं प्रकरण एका पुस्तकाशी जुळत होतं. पुस्तक तिच्या गाईडचं, हिंदुराव सरांचं, गेल्या वर्षी निघालेलं. चौथं प्रकरण तिनं त्याच्या आधी सरांना तपासायला पाठवलं होतं. सरांनी तपासलं नव्हतं, छापलं होतं.

ती बारामतीला सरांच्या घरी गेली. सर पेरू खात होते.

"सर, ते प्रकरण माझं आहे."

"कोण नाही म्हणतंय? पण मशीनला कुठं कळतंय. असं कर, तुझ्या शब्दांत लिहून काढ."

"माझ्याच शब्दांत आहे ते."

"मग दुसऱ्याच्या शब्दांत लिही. मुदत जवळ आलीय, रुसत बसू नकोस."

घरी वडिलांना, जोतीराम तात्यांना, तिनं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी आपल्याच रानातला ऊस आपुनच चोरला?"

"व्हय तात्या. आन् पंचनामा चोरच करतोय."

"मग लिव्हणार का नव्यानं?"

"न्हाय."

अवतरणचिन्हांतला मजकूर मशीन मोजत नाही. स्वरूपानं अख्खं प्रकरण अवतरणात घातलं, सरांच्या पुस्तकाचा संदर्भ दिला आणि तळटीप जोडली: 'हा मजकूर प्रस्तुत संशोधिकेचा असून मार्गदर्शकांनी तो तिला न विचारता स्वतःच्या नावावर छापला. त्यांना पाठवलेला ईमेल परिशिष्टात आहे.' साम्य तीन टक्क्यांवर आलं.

सहीला गेली तेव्हा ती म्हणाली, "सर, चौथं एकदा नजरेखालून घालता?"

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," म्हणत सरांनी प्रबंध अस्सल असल्याच्या प्रमाणपत्रावर सही ठोकली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ती तळटीप भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचली. सर घाईघाईनं पानं उलटू लागले.

"हे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"प्रमाणपत्रावर सरांची सही आहे," स्वरूपा म्हणाली.

सरांना अजून पान सापडलं नव्हतं. "आपण पुढचा प्रश्न घेऊ," ते म्हणाले.

"पुढचा नाहीये," बाई म्हणाल्या. "आणि हा तिला नाही, तुम्हाला आहे."